विमानातली मेथी

आमच्या अण्णांना टाकून दिलेलं लाकूड बघवत नसे. वाटेत कुठं एखादं फळकूट पडलेलं दिसलं की वाट चुकलेलं पोर बघितल्यासारखा त्यांचा जीव कळवळायचा. ते एका अडत दुकानात दिवाणजी होते. दिवसभर ज्वारी-तुरीच्या हिशेबाच्या पट्ट्या लिहायच्या आणि संध्याकाळी सायकलच्या कॅरिअरला काहीतरी बांधून आणायचं, हा त्यांचा नेम. कधी मोडक्या खोक्याच्या फळ्या, कधी कुणाच्या तरी पाळण्याची दांडी. एकदा तर शाळेनं मोडीत काढलेला बाक आणला, त्यावर कुणीतरी करकटकानं ‘गुरुजी लई मारतात’ असं कोरलं होतं. अव्वा, म्हणजे आमची आई, दारात उभी राहून सायकलीकडं बघायची आणि म्हणायची, "आणली का आणखी एक सवत?"

आणलेल्या लाकडाचं अण्णा स्वतःच्या हातानं सामान करायचे, आणि खरी अडचण इथंच होती. त्यांच्या हातात हौस होती, माप नव्हतं. आमच्या घरात सरळ उभी राहणारी वस्तू म्हणजे फक्त अव्वा. बाकी सगळ्याला एक पाय आखूड. आम्ही ज्या पलंगावर झोपायचो तो पूर्वेला कललेला होता, त्यामुळं मी आणि माझा भाऊ सकाळी उठायचो ते भिंतीला चिकटलेले. एका स्टुलावर फक्त नको असलेल्या पाहुण्यांना बसवत. शिवाय अण्णांचं कुठलंही काम पुरं झालं की शेवटी एक तुकडा हातात उरायचा. "हे कुठलं?" असं अव्वानं विचारलं की अण्णा तो तुकडा उलटसुलट करून बघायचे आणि शांतपणे सांगायचे, "ते जादाचं हाय." पलंगाखाली अशा जादाच्या तुकड्यांचं एक पोतं होतं. अव्वा म्हणायची, त्या पोत्यातनं आणखी एक घर उभं राहील, फक्त ते पण कललेलं असेल.

अव्वाचं दुःख वेगळं होतं. ती शेतातल्या घरातनं सोलापुरात आलेली, आणि आमच्या दोन खोल्यांपुढं अंगण होतं ते सगळं शहाबादी फरशीचं. उन्हाळ्यात त्या फरशीवर पाय ठेवला की पायाला ‘चर्र’ व्हायचं. मूठभर माती नाही. सकाळी तिच्या भाकऱ्यांची थापथाप सुरू झाली की त्या तालावर ती गावाकडची मेथी आठवायची. कोवळी, नुकती उपटलेली, मुळं झटकलेली. भाकरीवर शेंगाची चटणी, चटणीवर कच्चं तेल, शेजारी कांदा आणि मुठीनं खायची ती मेथी. बाजारातली मेथी तिला पटत नसे. "हिला गाव सोडून दोन दिवस झालेत," असं ती भाजीवालीच्या तोंडावर म्हणायची. अण्णा हे ऐकत आणि दर वर्षी सांगत, "तुला लाकडाच्या कुंड्या करून देतो. चांगल्या घसघशीत." अव्वा हसायची. लग्नात दिलेलं वचन आणि कुंड्यांचं वचन ती एकाच गाठोड्यात बांधून ठेवून होती.

आणि एका उन्हाळ्यात अण्णांनी खरंच कुंड्या केल्या. हातगाडीवरनं लाकूड आलं तेव्हा आम्ही सगळे बघतच राहिलो. जुनं सागवान, तेल पिऊन काळंभोर झालेलं, कडेनं कमळं कोरलेली. ‘कुठनं आणलं’ म्हणून अव्वानं विचारलं तर अण्णा म्हणाले, "मठातनं. स्वामी म्हणाले, मागची खोली रिकामी करायचीय, न्या." इतकंच. मग आठवडाभर अंगणात ठोकाठोकी. एक रुंद चौकोनी कुंडी झाली, एक लांबोडकी झाली, आणि एक तर अजब, खाली निमुळती, वर रुंद, उलट्या देवळाच्या शिखरासारखी. ती चार कोरीव खांबांच्या मधोमध बसवली. दोन लांबलचक दांड्या उरल्या, त्या भिंतीला अडकवून अव्वानं त्यांच्यावर कपडे वाळत घालायला सुरुवात केली. आश्चर्य म्हणजे एकही कुंडी डगमगेना. अव्वानं प्रत्येकीला हात लावून हलवून पाहिलं आणि अण्णांकडं अशा नजरेनं बघितलं की नवीन लग्न झाल्यासारखे अण्णा लाजले.

माती मैंदर्गीहून आली. आमच्या शेजारी गुरप्पा अज्जा राहायचे, त्यांची थोरली लेक नीलव्वा मैंदर्गीला दिलेली होती. तिनं आपल्या शेतातली काळी माती दोन पोती भरून एसटीच्या टपावरनं पाठवली. कंडक्टरनं विचारलं म्हणे, "काय हाय ह्यात?" आणि नीलव्वाच्या नवऱ्यानं सांगितलं, "माती." कंडक्टरला वाटलं, आपली थट्टा चाललीय. मेथी उगवली, कोथिंबीर उगवली, शिखराच्या कुंडीत शेवंती आली. अव्वा रोज सकाळी पहिला चहा त्या कुंड्यांपाशी बसून पिऊ लागली. गल्लीतल्या बायका यायच्या, कौतुक करायच्या आणि जाताना मेथीची एकेक पेंडी घेऊन जायच्या.

परवा पुण्यात आमच्या सुनेनं बाल्कनीसाठी जुन्या लाकडाच्या कुंड्या मागवल्या. खोक्यात एक कार्ड होतं, ‘या लाकडाला त्याची स्वतःची एक गोष्ट आहे.’ मी म्हटलं, "बाई, गोष्ट आधी नीट विचारून घेतलीस का?" तिला कळेना मी एवढी का हसतेय.

तर गुरप्पा अज्जा. वय सत्तरीच्या पुढं, एके काळी तेलाचं दुकान होतं, आता मुलगा बघायचा. बायको गेल्यापासून अज्जांनी एकच काम अंगावर घेतलं होतं, स्वतःच्या मरणाची तयारी. तब्येत ठणठणीत होती, पण तयारी कडेकोट. डोक्याला बांधायचा फेटा ठरलेला, इस्त्री करून ट्रंकेत. भजनाला कोण बसायचं ते ठरलेलं आणि कोणी बसायचं नाही तेही, कारण एक जण बेसूर होता. आमच्या लिंगायत लोकांत माणूस गेला की त्याला आडवं करत नाहीत. मांडी घालून बसवतात, भस्म लावतात, फेटा बांधतात, आणि लाकडी मखरासारख्या एका आसनात बसवून मिरवत रुद्रभूमीत नेतात. त्या आसनाला म्हणायचं विमान. आमच्या मठाचं विमान फार जुनं होतं. अज्जांचा आजा त्यातनं गेला, बाप त्यातनं गेला. अज्जा त्याच्याकडं घरची गाडी दारात उभी असावी तसं बघायचे.

एका संध्याकाळी ते चटणी मागायला म्हणून आले आणि कुंड्यांपाशी टेकले. मेथीचं कौतुक करता करता त्यांचा हात लाकडावरनं फिरत होता. फिरता फिरता एका ठिकाणी थांबला. तिथल्या कमळाची एक पाकळी उडालेली होती. अज्जांनी चष्मा पुसला, वाकले, पुन्हा हात लावला.

"मल्लू," ते अण्णांना म्हणाले, "हा टवका माझ्या बापाच्या वेळचा हाय. वळणावर खांबाला घासलं होतं."

अण्णा एकदम भाकरीच्या घासाकडं बघायला लागले.

अज्जांनी वर बघितलं. भिंतीवरच्या दांड्या बघितल्या, त्यांच्यावर वाळणारे परकर बघितले. शिखर बघितलं, उलटं, आणि त्यात शेवंती. मग त्यांनी असा आवाज काढला की पलीकडच्या गल्लीतले माग थांबले असतील. "अरं मल्लू! ह्यात माझं बसायचं हाय की!"

गल्ली गोळा व्हायला किती वेळ लागतो! अण्णांनी सगळं कबूल केलं. मठाला कुणीतरी नवीन लोखंडी विमान दान दिलं होतं, चार चाकांचं, खांदे द्यायला नकोत, ढकलत न्यायचं. म्हणून जुनं सुटं करून मागं टाकलेलं. "चांगलं सागवान वाळवीनं खाल्लं असतं," अण्णा म्हणाले. ज्या बायकांनी कालच मेथी नेली होती त्यांचे चेहरे बघण्यासारखे झाले. एकीनं तर तोंडाला पदर लावला. पण अव्वा तिच्याकडं वळली. "का गं? आपल्यात सूतक धरत न्हाईत, विटाळ धरत न्हाईत, हे प्रवचनात मान डोलवून ऐकतीस की. मेथीला तेवढा विटाळ?" मग ती अण्णांकडं वळून शांतपणे म्हणाली, "तरी मी म्हणलं, ह्या माणसाच्या हातनं एवढं सरळ कसं काय झालं!"

अज्जांना विटाळाचं काहीच नव्हतं. त्यांचं म्हणणं साधं होतं. माझं विमान मला परत पाहिजे. स्वामींना बोलावणं गेलं. स्वामींनी नव्या विमानाचे गुण सांगितले, हलकं, मजबूत, चाकं रबरी. अज्जा म्हणाले, "म्हंजे मला भाजीच्या गाड्यावरनं नेणार तुमी? ओरडत बी जावा मग, गुरप्पा घ्या, ताजा गुरप्पा!" स्वामींना हसू आवरेना, पण अज्जांचे डोळे भरून आले होते, हे मला आठवतं. आपण आपल्या बापाच्या मागनं त्याच वाटेनं त्याच लाकडात बसून जायचं, एवढंच त्या माणसाला हवं होतं. तेवढं सोडलं तर जगाकडून त्यांची काही अपेक्षाच उरली नव्हती. अव्वालाही ते दिसलं असावं. तिनंच तोड काढली. काका, म्हणजे अज्जा, आहेत तोवर कुंड्या राहू देत. वेळ आली की आमचे हे सगळं सुटं करून पुन्हा जोडून देतील.

"कोण, मल्लू?" अज्जांनी विचारलं. "ह्यानं केलेल्या स्टुलावरनं मी दोनदा पडलोय. आधी जोडून दाखवू दे. मी बसून बघणार."

अशी ती तालीम ठरली. सोमवारी सकाळी, अण्णांना सुट्टी म्हणून. तोपर्यंत अज्जांच्या सुनेचा धीर सुटला. सासरे दिवसभर ‘विमान, विमान’ करतायत म्हणून तिनं मैंदर्गीला निरोप धाडला की, वन्सं, एकदा येऊन बघून जावा.

सोमवारी मेथी उपटून बादल्यांत ठेवली, माती पोत्यात गेली आणि अण्णांनी जोडायला घेतलं. चार खांब उभे राहिले, बैठक बसली, शिखर सुलटं होऊन डोक्यावर गेलं. शेवटी अण्णांच्या हातात एक लाकडी पाचर उरली. सगळ्या गल्लीनं ती बघितली.

"ही कशाची?" अज्जा म्हणाले.

"जादाची हाय, काका."

"माझ्या शेवटाला जादा काय नको. लाव कुटंतरी."

ती पाचर अण्णांनी बैठकीच्या कडेला ठोकली. अज्जा फेटा बांधून, भस्म लावून, नवं धोतर नेसून आले होते. आत मांडी घालून बसले. भजनाचा सूरही आजच ठरवून टाकू म्हणाले, तेव्हा दोघा-तिघांनी टाळ धरले. अज्जांनी डोळे मिटले. कसं वाटतंय ते नीट अजमावत होते. शिखर जरासं पश्चिमेला कललं होतं, पण एकंदर दृश्य फार भारी दिसत होतं.

आणि नीलव्वा गल्लीच्या वळणावर आली. तिनं टाळ ऐकले, आमच्या दारातली गर्दी बघितली, आत फेटा बांधून डोळे मिटून बसलेला बाप बघितला. हातातली पिशवी तिथंच टाकून तिनं जी धाव घेतली ती थेट विमानाच्या पायाशी. "यप्पाऽ! नन्न अप्पाऽ!" एवढंच कन्नडमधून आणि पुढचं मराठीतून. आम्ही सगळे ‘अगं थांब, थांब’ म्हणत होतो, पण दुःखाचा आवाज नेहमीच मोठा असतो. "जत्रेत खांद्यावर बसवून दारूकाम दाखवणारा माझा अप्पाऽ! माझ्या बाळंतपणाला एसटी बंद होती, तर डिंकाचे लाडू हँडलला बांधून सायकलवरनं मैंदर्गीला आलास रं अप्पाऽ! आई गेली तेव्हा मला ‘रडू नको’ म्हणलास, आणि स्वतः गोठ्यात जाऊन रडलास रं अप्पाऽ!"

मी अज्जांच्या अगदी समोर होते. त्यांच्या पापण्या हलल्या. त्यांना सगळं ऐकू येत होतं. पण त्यांनी डोळे उघडले नाहीत. टाळवाले थांबले होते. अव्वानं अण्णांचा हात धरून त्यांना गप्प केलं. मला तेव्हा कळलं नाही, पण आता माझ्या वयाला नीट कळतं. हे बोलणं प्रत्येकाच्या वाट्याला येतं आणि कुणालाच ऐकायला मिळत नाही. अज्जांना ते फुकटात मिळालं होतं आणि ते सोडायला तयार नव्हते. नीलव्वा श्वास घ्यायला थांबली, तेव्हा विमानातनं हळूच आवाज आला.

"पुढं?"

तिला वाटलं, कुणीतरी बाई विचारतेय. ती पुढं सुरू झाली, आणि आता सूर बदलला. "पण मला विचारलं न्हाईस रं अप्पाऽ! शाळेतनं काढून लग्न लावून दिलंस. गणितात पहिली यायची मी. बाई घरी आल्या होत्या सांगायला, तू त्यांना चहा पाजून पाठवून दिलंस. मी दाराआड उभी होती रं अप्पाऽ! एकदा तरी विचारायचं होतंस!"

अज्जांनी डोळे उघडले. भस्मावरनं पाण्याचे दोन ओघळ खाली आलेले होते.

"पहिली न्हाय," ते म्हणाले, "दुसरी यायचीस. बाकीचं समदं खरं हाय."

नीलव्वाची किंकाळी आजही माझ्या कानात आहे. मग तिनं पिशवी उचलली आणि बापाला बडवायला सुरुवात केली. पिशवीत शेंगा होत्या. शेंगा अंगणभर उडाल्या, टाळवाले पळाले, तालीम बघायला आलेले स्वामी आडोशाला गेले. अज्जांना मार चुकवून उठता येईना, कारण अण्णांची ती जादाची पाचर इतकी घट्ट बसली होती की धोतर तिच्यात अडकून अज्जा विमानात पक्के झाले होते. अण्णा हातोडी घेऊन खालनं ठोकतायत, वरनं नीलव्वा शेंगा हाणतेय, आणि अज्जा हसतायत, रडतायत, ओरडतायत, "अगं, तालीम हाय ही! तालीम!"

पाचर निघायला दुपार झाली. तोवर नीलव्वा दमून विमानाच्या पायाशी बसली होती. बापलेकीचं हळू आवाजात काय काय बोलणं झालं ते कुणीच ऐकलं नाही, कारण अव्वानं सगळ्या गल्लीला हाकलून दिलं. तिनं भाकरी, चटणी आणि सकाळी उपटलेली मेथी दोघांना दिली. अज्जांनी विमानात बसूनच जेवण केलं. एकदा मला हाक मारून म्हणाले, "शकू, कांदा आण की गं." मला वाटतं, विमानात बसून कांदा मागणारा माणूस आमच्या समाजात आधी झाला नसेल.

त्यानंतर विमान पुन्हा सुटं झालं आणि पुन्हा माती भरली. अज्जा रोज संध्याकाळी तपासणीला येऊन बसायचे. "लई पाणी घालू नको गं गंगा," असं अव्वाला सांगायचे, "माझं बूड कुजंल." नीलव्वा महिन्या-दोन महिन्यांनी यायची, पूर्वी वर्षातनं एकदा यायची. येताना नवी माती आणायची. मला गणित शिकवलं तेही तिनंच, आमच्या त्या अंगणात. मी पुढं बँकेत लागले, त्यात तिचा वाटा आहे.

मी कॉलेजात असताना एका दुपारी अज्जा झोपेतच गेले. फेटा ट्रंकेतनं निघाला. अण्णांनी कुणालाही हात लावू दिला नाही. त्यांनी शेवंती बादलीत ठेवली, मेथी बादलीत ठेवली, लाकूड ओल्या फडक्यानं पुसलं आणि एकट्यानं विमान जोडलं. ते जोडत असताना त्यांचे ओठ हलत होते, बहुतेक ते मापं पाठ म्हणत होते. झाल्यावर त्यांनी अव्वाकडं वळून दोन्ही तळहात उघडून दाखवले. काहीच उरलं नव्हतं. विमान सरळ उभं होतं. अव्वा तिथं पहिल्यांदा रडली.

संध्याकाळी नीलव्वा आली. बायका पदर सावरून तिच्याभोवती सरकल्या, आता ही हंबरडा फोडणार म्हणून. ती नुसती बापापाशी बसली. बैठकीच्या खाचेत थोडी काळी माती राहून गेली होती, तिच्याच शेतातली, ती तिनं बोटानं चाचपली, पण काढली नाही. फेट्याचं एक टोक सुटलं होतं ते खोचलं. मग ती त्यांच्या कानाशी वाकली.

"मी पहिलीच यायची, अप्पा," ती म्हणाली, आणि ते काय म्हणतात ते ऐकायला थोडा वेळ तशीच थांबली.